घरगाडीतले उंदीर

५ जानेवारी

चि. नान्यास,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र नाही म्हणून काळजी करत नाही. तू आळशी आहेस हे तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

थंडी सरेपर्यंत आम्ही तळ्याकाठच्या गाडीतळावर थांबलोय. मोबाईलला रेंज नाही. ऑफिसात एक फोन आहे, तो उचलणाऱ्याच्या लहरीवर चालतो. घर सोडून घरगाडीत राहायला लागल्याला नऊ महिने झाले. ह्यांनी जुन्या बसचं स्वतःच्या हातांनी मोटारहोम केलं, त्यामुळे गाडीला कुणी नावं ठेवली की ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

तर ऐक, गाडीत उंदीर शिरलेत. आधी भांड्यांच्या खणात लेंड्या दिसल्या, मग पिठाची पिशवी कुरतडली, काल पाण्याच्या पंपाची वायर सोललेली सापडली. मी म्हटलं नान्याला विचारू, बावीस वर्षं हेच तर करतोय. तर हे म्हणाले, एकतीस वर्षं बस चालवली, आता दोन उंदरांसाठी मेव्हण्याचे पाय धरू? मी गुपचूप लिहितेय.

लोभ आहेच, तो कधीतरी कागदावरही उतरू दे.

तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उलट टपाली लिहितोय, आता आळशी म्हणू नकोस.

करंगळी जेमतेम जाईल एवढ्या भोकातून उंदीर आत येतो. गाडीखाली आडवी हो (गुडघा ऐकत नसेल तर भावोजींना आडवं कर) आणि पाण्याचे पाइप, वायरी जिथून आत जातात ती प्रत्येक जागा बघ. फटींत तारेची घासणी कोंबून वरून लांबी (पुट्टी) भरा. पीठ, डाळ, साबण, सगळं पत्र्याच्या डब्यात. सापळे भिंतीला लागून ठेव, मधोमध नको. उंदीर कडेकडेने पळतो. शेगडीची गॅसनळी कुरतडली नाही ना, हे आजच्या आज पाहा. विष घालू नका, मेलेला उंदीर प्लायवूडमागे सडला तर तुम्हालाच गाडी सोडावी लागेल.

आणि एक. धान्याच्या गोदामात ठेवतात तसल्या गोळ्या कुणी फुकट दिल्या तरी गाडीत आणू नका. त्यांतून निघणारा वायू उंदीर आणि माणूस यांत फरक करत नाही.

भावोजींना नमस्कार. मी सांगितलं हे सांगू नकोस, म्हणजे ते ऐकतील.

तुझा नान्या

११ जानेवारी

चि. नान्यास,

अ. उ. आ. तुझं उत्तर आलं असेल तर ते ऑफिसात अडकलंय. तिथला माणूस आजारी, टपालाची खोली कुलूपबंद. हे पत्र भाजीच्या टेम्पोवाल्याकडे देतेय, तो बुधवारी तुमच्या बाजूला येतो आणि गुरुवारी परततो.

रात्रभर छतात खुडखुड चालते. मला झोप नाही, दुपारी पडते तेवढीच. आमचं बोलणंही आता उंदरांपुरतंच उरलंय. मी म्हणते कुठेतरी भोक आहे, हे म्हणतात माझ्या गाडीला भोक नाही.

काल ह्यांनी कुठल्याशा गोदामाच्या राखणदाराकडून चार गोळ्या आणल्या, घट्ट झाकणाच्या डबीत. शुक्रवारी दुपारी खिडक्या बंद करून पलंगाखाली ठेवणार. तोवर आम्ही पुढे ड्रायव्हरच्या सीटजवळ बसायचं, मध्ये जाड पडदा आहेच. मला ते काही पटत नाही. पण मी काही बोलले की लगेच म्हणतात, भावाची बहीण शोभतेस. तू काय म्हणतोस?

तुझी ताई

१५ जानेवारी, सकाळचे आठ

ताई, भावोजी,

पत्र मघाशी हातात पडलं. वाचत उभे राहू नका, आधी गाडीतून उतरा.

डबी उघडली नसेल तर तशीच मोकळ्यावर, माणसांपासून लांब ठेवा. गोळी बाहेर काढली असेल तर हात लावू नका, पाणी टाकू नका, पाण्याने वायू वाढतो. परत आत जाऊ नका. पडद्याने काहीही अडत नाही. डोकं दुखलं, मळमळलं, छाती जड झाली तर थेट दवाखाना, आणि गोळीचं नाव लपवू नका.

ऑफिसचा फोन अकरा वेळा लावला, नुसता वाजतोय. मी स्वतः निघालो असतो. पण काल गिरणीचं गोदाम ह्याच वायूने भरून बंद केलंय आणि उद्यापर्यंत दारावर पहारा माझा आहे. बदली माणूस मिळत नाही. मी हललो आणि कुणी दार उघडलं तर त्याचं मरण माझ्या माथी. म्हणून टेम्पोवाल्याला विनवलंय, वाटेत कुठे थांबू नकोस.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी असं एक दार उघडलं होतं, ताई. त्याबद्दल तुला कधी सांगितलं नाही.

नान्या

१७ जानेवारी

चि. नान्यास,

आशीर्वाद. फोनवर ती जिवंत आहे एवढंच सांगता आलं. उरलेलं बोलवत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तुला लिहितोय.

शुक्रवार ठरला होता. पण गुरुवारी जेवताना उंदीर माझ्या पायावरून गेला आणि माझं डोकं फिरलं. तिला कळलं असतं तर वाद झाला असता. म्हणून ती मागे पलंगावर पडली होती तेव्हा, तिला न सांगता, एक गोळी शेगडीमागे सरकवली. एकीने काय होतंय, असं वाटलं. खिडक्या थंडीमुळे बंदच होत्या. मी झाडाखाली खुर्ची टाकून बसलो.

अर्ध्या-पाऊण तासाने टेम्पोवाला धावत आला. तुझ्या पहिल्या ओळीवरच मी उठलो. तू आत जाऊ नका लिहिलं होतंस, ते मी वाचलं नव्हतं, वाचलं असतं तरी गेलो असतो. आत सडक्या लसणासारखा वास होता. ती अर्धवट शुद्धीत होती, उलटी झाली होती. टेम्पोवाल्याने पाय धरले, मी खांदे. भाजीच्या पोत्यांवर निजवून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणी ठेवलं? टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी. चोवीस तास तिच्या छातीचे ठोके यंत्रावर मोजत बसलो होतो. काल संध्याकाळी ते सरळ चालू लागले. तुझ्याच धंद्यातल्या माणसांनी येऊन ती गोळी आणि डबीतल्या उरलेल्या तीन नेल्या, गाडी उघडी ठेवलीय, तपासून मगच परत देणार आहेत.

टपालाची खोली आज उघडली. तुझं नऊ तारखेचं पत्र मिळालं. शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला.

तुझा भावोजी

२० जानेवारी

चि. नान्यास,

अ. उ. आ. अक्षर वाकडं आहे, पडल्या पडल्या लिहितेय. जीव जागेवर आहे.

काल दवाखान्यातून सोडलं. आम्ही तळावरच्या एका खोलीत आहोत. हे दिवसभर गाडीखाली आडवे असतात, हातात टॉर्च आणि तुझं पत्र. पाण्याच्या पाइपाभोवती सापडलं भोक, अंगठा जाईल एवढं. मला बोलावून दाखवलं आणि मान खाली घालून उभे राहिले. नऊ महिन्यांत ते असे कधी उभे राहिले नव्हते. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही खरं.

टेम्पोवाल्याने आमच्याकडून साधा चहाही घेतला नाही. म्हणाला, तुमच्या भावाने माझे दोन्ही हात धरले होते, तेवढं बास.

सुटी मिळाली की ये, लांबी आणि घासणीचं बंडल घेऊन. पहिल्या वर्षी तू उघडलेलं ते दार कुणाचं होतं ते मला सांग, एवढी वर्षं एकट्याने काय बाळगलंस ते.

आणि आल्यावर ह्यांना एक शब्द बोलू नकोस. रागवायचं काम माझं आहे, अंगात जरा ताकद आली की मीच करीन.

तुझी ताई