न उघडलेलं इंजिन

इंजिनाला कधी पाना लागू न दिलेल्या आमच्या दादास,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. ती रहीममिस्त्रीनं आणली. गाडी त्याच्या शेडात लावली आणि म्हणालो, इंजिनातली टायमिंग चेन बदलून टाक. तर हात पुसत म्हणतो, "भाऊसाब, दादांनी माझ्याकडून कसम घेतली हाय. ह्या इंजिनाला मी पाना लावणार न्हाई म्हणून."

"अरे, पण ते गेले ना आता!"

"म्हणून तर पंचाईत हाय. जित्या माणसाला हात जोडून कसम सोडवून घेता येते. ह्यांना कुठं गाठायचं? तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हीच इचारा."

तर लिहायला बसलोय. विचारायला नाही, सांगायला. उद्या तुझं इंजिन उघडतंय.

ओरडू नकोस. आधी ऐक.

तुझा दिमाख मला ठाऊक आहे. लग्न असो की तेरावं, मांडवात बसलास की तुझं सुरू : "तीन लाख किलोमीटरच्या वर पळाली, पण कंपनीनं सील केलं तसं इंजिन हाय!" आपल्याकडं जुनी गाडी घेणारा टायर बघत नाही, ब्रेक बघत नाही. पहिलं विचारतो, इंजिन खोललंय का? खोललंय म्हटलं की संपलं. मोडलेल्या सोयरिकीसारखं, दोष कुणाचा होता ते विचारायला कुणी थांबत नाही. पण तुला तर ही गाडी विकायचीच नव्हती! मग सील कुणासाठी जपत होतास, बाबा?

सकाळी चावी फिरवली की पुढून खळखळ यायची. पत्र्याच्या डब्यात कुणी सुपाऱ्या हलवाव्यात तशी. ऑइल चढलं की आवाज बंद. तू म्हणायचास, "म्हातारी हाय, सकाळी खोकते." मग कुणीतरी सांगितलं आणि तू जाड ऑइल ओतलंस. खळखळ थांबली. तू आजार नाही, आवाज बरा केलास, दादा.

आता ती गरम झाल्यावरही खळखळते. आणि चालवते कोण? सोनाली. तुझी पोरगी लातूरला लॅबमध्ये नोकरीला लागली. शनिवारी नांदेडला येते, सोमवारी परत. एसटी आहे, रेल्वे आहे. पण नाही, बाबांची गाडी पाहिजे! बरोबर तिथं नोकरी करणाऱ्या मैत्रिणी भरून नेते. खिडक्या खाली, गाणी मोठ्यानं. इंजिनाचा आवाज ऐकू कुणाला येणार?

गेल्या सोमवारी मीही बसलो होतो. लातूरला काम होतं. अहमदपूरच्या अलीकडं चढावर एक उसाची ट्रॉली रांगत होती. सोनालीनं गाडी बाहेर काढली, निम्मी ट्रॉली मागं टाकली, आणि इंजिन बंद पडलं. काही धक्का नाही, काही नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसं. समोरून बस. स्टेअरिंग जड झालं, ब्रेकवर पाय ठेवला तर दगड! पोरीनं दोन्ही हातांनी, अक्षरशः लटकून, गाडी उजवीकडच्या मातीत उतरवली. बस हॉर्न वाजवत आमच्या आणि ट्रॉलीच्या मधून गेली.

चावी फिरवली तर गाडी सुरू! मागच्या पोरी हसायला लागल्या. एकीनं फोटो काढला. सोनाली म्हणाली, "काका, घाबरलात का?"

"हॅट! न्हाई."

दोन्ही हात मी मांड्यांखाली दाबून बसलो होतो.  आयुष्यभर दुसऱ्यांच्या भित्रेपणावर विनोद करून पोट भरलं, आणि आता पाणी प्यायलं तरी ग्लास दातावर वाजतो.

मिस्त्रीनं समजावलं : चेन ताणली गेली की आतल्या हालचालींची वेळ चुकते. ह्या खेपेला गाडी नुसती बंद पडली. चेन दातावरून सरकली, तर आतलं एकमेकांवर आदळून इंजिनाचा भुगा, तोही धावत्या गाडीत.

"कधी होईल?"

"आज होईल, न्हाईतर दोन वर्सं काही होणार न्हाई. चेनीच्या जागी पट्टा असता तर इतक्या किलोमीटरला बदला म्हणून लिवलेलं असतं. चेनीला तारीख नसते. कंपनी म्हणते, आयुष्यभर टिकते."

कुणाच्या आयुष्यभर, तेवढं कंपनीनं सांगितलेलं नाही.

दादा, तारीख नसलेल्या गोष्टींची मला फार भीती वाटायला लागली आहे. लातूरच्या डॉक्टरानं तुलाही तारीख दिली नव्हती. बायपास करून घ्या, एवढंच म्हणाला होता. तू काय म्हणालास? "चालून राहिलंय ना? मग कशाला खोलायचं?" छातीवर थाप मारलीस, "कंपनीचं सील हाय!" सगळे हसले. जिना चढताना थांबायचास, त्याला गॅस म्हणायचास. ओवा खायचास. तेही जाड ऑइलच!

आम्ही त्याला दिमाख समजलो. त्या दिवशी मातीत उभ्या गाडीत मला कळलं की तो दिमाख नव्हता. तू घाबरला होतास. उघडल्यावर आत काय निघेल, ह्याला. मग बोलला का नाहीस रे? दोघं मिळून घाबरलो असतो!

आज वहिनीला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिनं माझ्या हातातला कप बघितला. ऐकून घेतलं, पायात चप्पल घातली आणि थेट शेडात. एवढ्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती. मिस्त्री खुर्ची पुसायला लागला.

"मिस्त्री, कसम मोडू नका. पाना मी लावते. कुठला नट ढिला करायचा तेवढं दाखवा."

"वहिनी, तुम्ही कशाला…"

"त्यांचं ऐकलं आणि ते गेले. आता पोरगीबी द्यावी म्हनता का?"

मिस्त्रीनं हातातला पाना पुसून फळीवर ठेवला. मग म्हणाला, "हाव. उद्या सकाळी या. पयला नट तुम्ही काढा, पुढचं माझं."

उद्या मी तिथं उभा असणार. चेन, तिला वाट दाखवणारे गाईड, तिला ताणून धरणारा टेन्शनर, सगळं नवं पडेल. जुनी चेन चांगली निघाली तर मला येडं म्हण. मी आनंदानं येडा होईन. आणि अगदी झिजलेली निघाली तर?  इतके सोमवार ती पोर कशाच्या भरवशावर गेली!

मी शब्द देतो, दादा. आत काय निघालं ते सोनालीला दाखवणार. काही झाकणार नाही. तुझ्या नावानं बोटंही मोडू देणार नाही. बाबा घाबरले होते, एवढं खरं सांगेन. आणि काम पुरं होईपर्यंत चावी तिला देणार नाही. ती माझ्यावर भडकली आहे. "बाबांची गाडी तुम्हाला कुणी दिली?" म्हणाली आणि दार आपटून गेली. उद्या सोमवारी एसटीनं जाणार आहे, माझ्याशी न बोलता.

न बोलू दे. तिचा राग मला चालतो, दादा. तुझ्यासारखी ती गप्प व्हायला नको.

तुझा भित्रा भाऊ,
बापू