दातभेट

२२ जुलै
काल लिहिलं त्यात चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. घरामागचं टेकाड पडीक नाही. तिथलं गवत मुद्दाम कापत नाहीत. मालकीणबाई स्टाइनव्हर म्हणाल्या, तिथे अल्फ, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे लोक, राहतात, म्हणून टेकाडाचं नावच अल्फहाइम, अल्फांचं घर. बाकी सगळं छान आहे. घट्ट दही पोटभर मिळतं, बिछाना उबदार आहे, आणि मी ज्याला सांभाळायला आले तो आठ महिन्यांचा केटिल माझी वेणी सोडत नाही.

२५ जुलै
टेकाडापाशी कपडे वाळत घालताना केटिल हसला. हिरडीत पांढरं टोक! पहिला दात ज्याला दिसेल त्याने बाळाला भेट द्यायची, अशी रीत. माझ्याकडे काय असणार? बाबांनी घरी शिकवताना सांगितलेलं आठवलं: जुन्या गोष्टींतला फ्रेय देव तान्हा असताना बाकीच्या देवांनी त्याला दातभेट म्हणून अख्खं अल्फहाइम दिलं होतं. मी टेकाडाकडे हात करून म्हटलं, “घे राजा, हे तुझं घर.”

मालक हाल्वार खदखदून हसले. “वा गं पोरी, दुसऱ्याच्या घरावर उदार!” मग म्हणाले, “आता माझा पोरगाच धनी, गवत कापायला कोणाला विचारू?” दुपारी विळा चालवलाही. बाई जेवल्या नाहीत.

२८ जुलै
कापलेलं गवत ढिगात नाही. केटिलच्या पाळण्यात आहे, त्याच्या मापाची गादी करून. मी केली नाही. बाईंनीही नाही. मालक आज हसले नाहीत.

३० जुलै
टेकाडाच्या कापलेल्या बाजूला दार दिसतं. पाळणा जाईल एवढं.

बाईंनी माझे नेमके शब्द विचारले. मी सांगितले. “घर दिलंस ना? मग घरधन्याला न्यायला येणारच ते.” त्या म्हणतात, दिलेलं देणाऱ्यानेच सोडवायचं. तेही रिकाम्या हाताने नाही, बदल्यात काही देऊन.

१ ऑगस्ट
केटिल दूध घेत नाही. तरी रडत नाही. तोंडाला ताज्या गवताचा वास — कोणीतरी भरवतंय. दार उघडं. आतून पाळण्याची कुरकुर येते, आणि आमचा पाळणा स्थिर —

२ ऑगस्ट
पाळणा स्थिर नव्हता, चुकीचं लिहिलं. हलत होता, त्या कुरकुरीच्या तालावर. केटिलला उचललं — वजनच नाही —

द्यायला माझ्याकडे मीच आहे. त्यांना दाई लागेलच. बाईंना सांगितलं नाही. उद्या, रविवारी, ३ ऑगस्टला, घरचे चर्चला गेले की मी त्या दारातून —