करडाचं पुढं काय झालं ते कळवणे

प्रिय मित्र सुगनचंद शेठ यांना धावड्याहून पुंजारामचा रामराम आणि जय जिनेंद्र.

राजकुमारीवहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला का? जालन्यात तुमच्या बियाण्याच्या दुकानात गर्दी बरी असेल. माझं म्हणाल तर खोकला गेला, काळजी राहिली. खरं तर फोनच केला असता, पण मला फोन माझी नात अर्पिता लावून देते आणि ती गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाही. म्हणून कागद घेतला. (शिक्षण चौथीपर्यंत, त्यातली चौथी बैलांमागंच गेली. चुका तुम्ही तिकडं सुधारून घ्या.)

तुमच्या सूनबाई कनिका गुरुवारी आमच्या शाळेत पोरांना आपली गोष्ट वाचून दाखवायला आल्या होत्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरी येऊन त्यांनी माझ्याबद्दल काय सांगितलं हे मला ठाऊक नाही, आणि त्याचीच धास्ती आहे. तेव्हा घडलं ते सरळ लिहितो. सर्जेराव हेडमास्तर मला म्हणाले, "बाबा, बाईंच्या शेजारी बसा, वडीलधारं माणूस असलं की शोभतं." मी धुवट धोतर नेसून बसलो. आता आमच्या देवळात सप्ताहात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगायला कैक वर्षं मीच बसतो. वाचणाऱ्यानं दोन ओळी वाचून थांबायचं, मग मी बोलायचं, अशी रीत आहे. सूनबाईंनी दोन ओळी वाचल्या आणि पोरांकडं बघत थांबल्या. मला वाटलं, माझ्यासाठीच थांबल्या. मी अर्थ सांगितला.

गोष्ट एका करडाची होती. (पुस्तक अजून छापायचं आहे म्हणे, सुटी पानंच हातात होती.) शेळीचं ते करडू खेळता खेळता उभ्या टेम्पोत चढतं, तिथंच झोपतं, आणि टेम्पो निघून जातो. एवढंच वाचून झालं होतं. पण टेम्पोचं मागचं दार कुणी उघडं ठेवलं, करडाला दावं का नव्हतं, मालक कुठं गेला होता, हे पोरांना कोण सांगणार? मी सांगितलं. पुढं करडाला ढगात आपली माय दिसते. मी म्हणालो, उपाशी जनावराला असं काहीबाही दिसतं, अशा वेळी त्याला आधी पाणी दाखवावं. पोरं खूप हसली. सूनबाई गोड आवाजात म्हणाल्या, "बाबा, मुलांना कळतंय." मी म्हणालो, "कळत असंल हो, पण अर्थ लागला पाहिजे ना." त्यानंतर त्या न थांबता भरभर वाचू लागल्या. मग मलाही आवाज चढवावा लागला. (एका सप्ताहात असाच एक उतावळा वाचणारा आला होता. त्यालाही मी सांभाळून घेतलं होतं.)

अशात खिचडीची घंटा झाली. करडू टेम्पोतच राहिलं आणि पोरं ताटल्या घेऊन पळाली. सूनबाईंना पुढं भोकरदनच्या शाळेत जायचं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. जाताना हात जोडून मला म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच एक पुस्तक लिहा." हे कौतुकानं म्हणाल्या की रागानं, यावर मी अजून विचार करतो आहे.

खरी चूक त्याच्या पुढं झाली. खिचडी खाता खाता अर्पितानं विचारलं, "आजोबा, मंग त्या करडाचं काय झालं?" सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी खोटं कशाला बोलू? म्हणालो, "टेम्पो बाजारात गेला असंल. बाजारात गेलेलं करडू कधी वापस आल्तं का?" अर्थ बराबर होता. पण आधी अर्पिता रडली, मग तिच्या शेजारची, मग अख्खी पहिली-दुसरी. खिचडी शिजवणारी बेबीनंदा पळी घेऊनच आली. "पोरं आसवं गाळून खिचडी खारट करून राह्यली! घरी जा बाबा, जल्दी."

तेव्हापासून अर्पितानं आमच्या शेळीचं करडू घरात आणलं आहे. त्याला जवळ घेऊन झोपते. माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच, "तुम्हाला शेवट माहीतच न्हाई. बाईंना विचारा, तवर मी बोलणार न्हाई." बायकोकडं तक्रार केली तर माझी असून ती म्हणते, "देव ऐकून घेतो तुमचं, लेकरं न्हाई घेत."

तरी शेठ, एवढं काम करा. सूनबाईंची माझ्या वतीनं माफी मागा आणि करडाचं पुढं काय झालं ते त्यांच्याच हातानं लिहून, खाली सही घेऊन पाठवा. माझ्या अक्षरातलं अर्पिता मानणार नाही. हेडमास्तर सध्या मला बघून वर्गात शिरतात, तेव्हा त्यांच्याकडं पाठवू नका.

वहिनींना नमस्कार, लेकराबाळांना आशीर्वाद.

तुमचा,
पुंजाराम

ता. क. शेवट वाईट असेल तर सूनबाईंना सांगून बदलून घ्या. अजून छापलेलं नाही, तोवर जमेल.

ता. क. दुसरा. वर लिहायचं धाडस झालं नाही. आमचं घरातलं करडू बाजारात न्यायचं हरिओमनं, म्हणजे माझ्या मुलानं, ठरवलं आहे. अर्पिताला अजून माहीत नाही. त्यामुळं करडू परत घरी आलं, असाही शेवट आमच्याकडं चालणार नाही. सूनबाईंनी असं लिहावं: टेम्पो नवीन जालन्यात थांबतो, करडू उतरतं आणि एका बियाणेवाल्या शेठच्या मागच्या अंगणात सुखानं राहतं. शेठ धर्मानं वागणारे, ते त्याला बाजार दाखवत नाहीत. गावाकडची एक पोरगी सुटीत त्याला भेटायला येते. तुमच्या मागच्या अंगणात लिंबाची सावली आहे, हे मी पाहिलं आहे.

ता. क. तिसरा. हरिओमला हा शेवट पटला. रविवारी मी करडू घेऊन तुमच्याकडं येतो. ते कागद खातं, तेवढी सूनबाईंची पानं उंचावर ठेवायला सांगा.