सव्वीसवरचा तह

मु. पो. भडगाव

अक्का,

तुझ्यापासून दोन गल्ल्या सोडून माझी सून मेघा पंधरा दिवस माहेरी बसली आहे, तूच जमवलेली सून, आणि तुला एकदा डोकावून बघावंसं वाटलं नाही? लग्न जमवताना तर तिच्या आईच्या, सुंदरबाईंच्या घरी दिवसातून तीनदा चहाला जात होतीस. आता काय पायाला मेंदी लावून बसलीस? असो. नमस्कार. गुडघा कसा आहे, भाऊजींची साखर उतरली का (रक्तातली), तेही कळव. इकडं सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि धुळ्याची अर्धी वस्ती ऐकते. हे ऐकवण्यासारखं नाही. चौथीपुढं मी शाळा पाहिली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस, आणि वाचून झालं की चुलीत घाल. (तुझ्याकडं गॅस आहे, ठाऊक आहे. मग फाडून टाक.)

तर आखाजीच्या सणाआधी आमच्याकडं एसी आला. मला नको होता. पण नातीच्या मानेवर घामोळं उठलं, पोर दिवसभर किरकिर करायची, आणि योगेंद्र म्हणाला, आई, पंचेचाळीसच्या उन्हात कूलर नुसता गरम वाफ मारतो. दुकान मेघानं सुचवलं. तिची कॉलेजातली मैत्रीण पलक, तिच्या नवऱ्याचं, पारसशेठचं. तो पारस प्रश्नच फार विचारतो. खोली केवढी, वर गच्ची आहे का, ऊन कुठल्या भिंतीवर येतं, खोलीत माणसं किती झोपतात. मी म्हटलं, तुला मशीन विकायचं आहे का माझ्या घरी मुक्कामाला यायचं आहे? शेवटी दीड टनाचा ठरला. दुकानातून निघताना तो दारं-खिडक्यांचं काहीतरी समजावून सांगत होता म्हणे. मी तेव्हा स्टॅबिलायझर फुकट दे म्हणून त्याच्या बापाशी भांडत होते. दोन्हीकडं कान कसा देणार?

मशीन लागलं आणि भांडण आकड्यावर आलं. मेघाला चोवीस पाहिजे, योगेंद्रला बावीस, मला अठ्ठावीस, कारण माझे खांदे धरतात. आमच्या यांना विचारलं तर म्हणे, जे ठरेल ते. (पस्तीस वर्षं हेच उत्तर आहे. हळद लावतानाही हेच म्हणाले असतील.) दोन दिवस घासाघीस करून सव्वीसवर तह झाला. रिमोट कॅलेंडरच्या खिळ्याला टांगायचा आणि कुणी हात लावायचा नाही, असं मीच ठरवलं.

आता जे लिहिते ते मनाला फार लागतंय, पण लिहिते. आपण जन्मभर कूलर वापरला. कूलरची मागची खिडकी बंद असली की खोलीत कशी चिकचिक होते, पापड सादळतात, माणूस सादळतं, हे तुला सांगायला नको. मी म्हटलं हे मशीन महागाचं, त्याला तर जास्तच हवा लागणार. म्हणून दुपारी सगळे आडवे झाले की मी जाड पडद्यामागची काच चार बोटं सरकवून ठेवायची. चांगल्या मनानं, अक्का. मशीनचा जीव गुदमरू नये म्हणून.

खोली काही गार होईना. मशीन घरघरतंय आणि आम्ही भाजतोय. चौथ्या दुपारी बघते तर मेघानं रिमोट काढून वीसवर नेलेला. झालं, माझं डोकं फिरलं. तह मोडला! मी म्हटलं, मैत्रिणीचं गिऱ्हाईक व्हावं म्हणून सासूच्या माथी डबडं मारलंस आणि वर चोरून वीस करतेस? तिथं थांबायला पाहिजे होतं. मी थांबले नाही. मी म्हटलं, पत्र्याखाली वाढलेलीला आता वीसशिवाय झोप येत नाही का?

सुंदरबाईंच्या घरावर पत्रे आहेत हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत. तूच सांगितलं होतंस, आणि मीच तेव्हा म्हणाले होते की आपल्याला पोरगी पाहिजे, स्लॅब नाही. मेघानं बॅग काढली. कपड्यांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आखाजीला न्यायला तिचा भाऊ येणारच होता, त्याच्याबरोबर नातीला घेऊन गेली. आखाजीला लेकी माहेरी जातातच, तेव्हा गल्लीला काही कळलं नाही. चार दिवसांनी कळायला लागलं.

ती गेली तरी माझी रग जाईना. मी दुकानात जाऊन दहा गिऱ्हाइकांसमोर पारसला भामटा म्हटलं. बिचारा त्याच दिवशी मेकॅनिक घेऊन आला, पलकही आली. मी शेजारच्या कुंदाबाईंना मुद्दाम साक्षीला बोलावलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आज ज्याचा दोष निघेल त्यानं इथंच कान धरायचे. (हे कुणी मला विचारलं नव्हतं.) त्या स्वप्नील मेकॅनिकनं मशीन उघडलं, पुसलं, गॅस बघितला. तोंडाशी हात धरा म्हणाला, तर बर्फासारखी हवा. मग तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, गालाला झळ लागली तशी मान फिरवली, आणि जाऊन पडदा ओढला.

कुंदाबाई म्हणाल्या, "प्रमिलाबाई, तुन्ही खिडकी ते उघडी शे वं माय!"

अक्का, खिडकीत माझे ज्वारीचे बिबडे वाळत होते. पाटावर, ओळीनं. दुसऱ्या कुणाचे म्हणायचीही सोय नव्हती.

पारस शिव्या देता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काकू, चहा राहू द्या, दुकान उघडं टाकून आलोय." आणि पलकनं काय करावं? काच सरकवून लावली आणि म्हणाली, "खटका ढिला झालाय काकू, वाऱ्यानं उघडली असेल." माझ्या तोंडून निघून गेलं, "हो ना, वाऱ्यानंच." बिबडे काय वाऱ्यानं थापून ठेवले होते?

रात गई बात गई म्हणतात, माझी गेली नाही. संध्याकाळी मेघाचा फोन आला, काय निघालं म्हणून. मी म्हटलं, मशीनच खराब होतं, दुरुस्त केलं. मग तिनं पलकला फोन लावला, तुझ्या मशीनमुळं माझं घर मोडायला आलं म्हणाली, आणि बोलणं टाकलं. योगेंद्रनं मला सांगितलं. पलकनं ऐकून घेतलं, पण खिडकीचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. योगेंद्र घ्यायला गेला तर मेघा म्हणाली, मी पत्र्याखालीच बरी आहे.

आता खिडकी बंद असते, खोली गार पडते, आणि मी बाहेर लिंबाखाली बसते. आत बसवत नाही.

म्हणून तू एवढं कर. सुंदरबाईंकडं जा आणि मेघाला सांग की खिडकी आमच्या यांनी उघडली, उन्हानं सासूचं डोकं तापलं, म्हणून तोंडातून गेलं. यांना विचारलंय. जे ठरेल ते, म्हणाले.

तुझी धाकटी,
प्रमिला

ता. क. पत्र शुद्धलेखनासाठी यांच्याकडं दिलं होतं. यांनी वेलांट्या नीट केल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझं नाव घाल, मला काही नाही. पण नात मोठी झाली आणि तिनं विचारलं, आजोबा तुम्ही असं का केलं, तर मी काय सांगू तेही लिहून ठेव." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस दुसरं काही बोलला.

ता. क. दुसरा. वरचं यांचं नाव खोड. पत्र पुन्हा लिहायला बसले तर धीर जाईल म्हणून तसंच पाठवते. खिडकी मी उघडली. पत्र्याचं मी बोलले, आणि ऊन लागलं म्हणून नाही, आकड्यात सुनेपुढं हरत होते म्हणून. उद्या आधी पलकच्या दुकानात जाते, गिऱ्हाइकं असतील तेव्हाच. शनिवारच्या एसटीनं धुळ्याला येते. तू मेघाला काही सांगू नकोस, मला सांगू दे. तू फक्त गुरुवारपर्यंत कळव की मेघा घरी कधी असते आणि सुंदरबाई घरी कधी नसतात. पत्रा त्यांचाच आहे, त्यांच्यापुढंही मान घालायची आहे, नाही म्हणत नाही. पण एका फेरीला एकच. गुरुवार म्हणजे गुरुवार.