गुडघ्याखालची पट्टी

माय, परवा माझ्याकडे शहाद्याजवळच्या एका खेड्यातली बाई आली होती. पपईच्या वावरात आठवडाभर उकिडवं बसून निंदणी केली, आणि एका सकाळी उजव्या पायाचा पंजा वर उचलेना. चालताना चप्पल मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. गुडघ्याच्या जरा खाली जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली होती. मी आधी तिची गाठ सोडली. सोबतच्या सासूनं घाबरत विचारलं, "मीच बांधं व्हतं ताई. चुकनं का मन्हं?" मी सरळ सांगितलं, हो आजी, चुकलं, पण तुम्हाला कसं ठाऊक असणार, आता पुन्हा बांधू नका आणि हिला उकिडवं बसू देऊ नका. म्हातारीनं मान डोलावली, सुनेच्या नडगीवरून हात फिरवला आणि दोघी व्यायाम शिकायला बसल्या. दोन मिनिटांचं काम. तुझ्यापाशी मात्र ते मला नऊ वर्षांत जमलं नाही.

मी सातवीत होते तो हिवाळा. तू नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जायचीस. उघड्या माळावर लाल मिरच्या वाळत पडलेल्या आणि तुम्ही बाया सकाळपासून दिवस कलेपर्यंत उकिडव्या बसून देठ खुडताय. घरी आलीस की हातांची आग व्हायची म्हणून पीठ मीच मळायचे. त्या संध्याकाळी उंबऱ्याला तुझा पाय अडखळला. तू हसून वेळ मारून नेलीस, पण नंतर मी पाहिलं, तू चुलीपुढे पाय लांब करून बसली आहेस आणि अंगठ्याकडे टक लावून बघते आहेस. भाकरी करपते आहे, तुझं लक्ष नाही. "मी सांगस त्याले, वर व्हय म्हणस," तू म्हणालीस, "पन तो आयकत नही." मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. माझी सगळी बोटं माझं ऐकत होती ना.

पथारीवरच्या एका बाईनं निदान केलं: पायातला जोर खाली उतरून जातोय, वरच अडवा. घरात आपण दोघीच, त्यामुळे अडवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत जाण्याआधी रुईचं पान तव्यावर गरम करायचं, तेल लावून गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूनं ठेवायचं आणि वरून पट्टी गुंडाळायची. एकदा ती पथारीवर सुटली, तेव्हा घरी येऊन तू मला झापलंस. "ढिलं बांधं तू. हातमा जोर नही का तुन्हा?" ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाठीचं टोक दातात धरून ओढायचे. पट्टी सोडली की कातडीवर खोल वळ दिसायचा, आणि तो पाहून आपल्या दोघींना बरं वाटायचं. तशाच बांधलेल्या पायानं तू पुन्हा जाऊन उकिडवी बसायचीस. होळीपर्यंत हे चाललं. मग पथारी उठली, पट्टी सुटली, आणि उन्हाळ्यात पंजा थोडा वर येऊ लागला. अंगठा मात्र कधीच आला नाही. त्यानंतर जन्मभर तू गुडघा उंच उचलून, जमिनीकडे बघत चाललीस.

तू जाण्याआधी नऊ वर्षं, फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षी, आमच्या बाईंनी आम्हाला आपापल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोट दाबायला लावलं. तिथं एक लहान हाड लागतं. त्याला वळसा घालून एक नस खाली जाते, परकराच्या नाडीएवढी, वर कातडीशिवाय जवळपास काही नाही. पंजा उचल, बोटं वर कर, हा हुकूम मेंदूच्या अगदी माथ्यापासून निघतो, पाठीच्या कण्यातून उतरतो, मांडीतून येतो आणि या एका ठिकाणाहून जातो. पायाला काय लागलं याची खबर त्याच वाटेनं वर परतते. खूप वेळ उकिडवं बसलं तर ती नस चेपते. तिथं घट्ट बांधलं तरी चेपते. म्हणजे तू सांगत होतीस ते खरंच होतं, माय. तुझं डोकं हुकूम देत होतं आणि अंगठाही आज्ञेबाहेर नव्हता. निरोप वाटेत अडवला होता, आणि अडवणारी मी होते. वर्गात मी बोट दाबून बसले आणि बाई पुढचं काय शिकवत होत्या ते मला ऐकूच आलं नाही.

बांधलं नसतं तर अंगठा आला असता का, हे आज मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. नुसत्या बसण्यानंच नस कायमची गेली असेल. पण पुष्कळदा ती सुटते. बसणं बंद केलं, मोकळी ठेवली, की महिन्या-दोन महिन्यांत सुटते. हे तुला सांगायचं म्हणून मी दर दिवाळीला ठरवून यायचे. तू मला सोबत घेऊन गल्लीत फिरायचीस आणि भेटेल त्याला थांबवून लेकीचं कौतुक सांगायचीस, "मन्हा पाय मन्ही आंडेरनी वाचाडा. सातवीमा व्हती, तैनपासून डाक्टर शे ती." मी डॉक्टर नाही हेसुद्धा तू कधी ऐकून घेतलं नाहीस. सांगितलं असतं तर तू रागावली नसतीस. उलट मलाच जवळ घेऊन म्हणाली असतीस, जाऊ दे, लेकरू होतीस. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

तू दुखावशील म्हणून गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तू आजारी पडलीस तेव्हाही वेळ होता, आणि शेवटच्या दिवसांत तुझी पावलं माझ्याच मांडीवर होती. तुझा पाय मी वाचवला असं तू लोकांना सांगायचीस, ते मला ऐकायला आवडायचं. म्हणून सांगितलं नाही.