संत्र्याच्या रसाचे तीन चमचे

अहो,

चौतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशी मारू? तुम्ही बोटीवर असायचात तेव्हा पहिली काही वर्षं पत्रं लिहिली, मग मोबाईल आले आणि लिहायची सवयच मोडली. अक्षर बघा कसं झालंय माझं!

आज लिहायला बसले, कारण पल्लवी माझ्याशी बोलत नाही. बारा दिवस झाले. फोन केला की जावईबापू उचलतात. "आई, तिला थोडा वेळ द्या," म्हणतात, आणि माझं जेवण झालं का विचारतात. आपली एकुलती एक लेक, आणि तिची खुशाली मला तिच्या नवऱ्याकडून कळावी!

चूक माझीच आहे. मी तिला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तिथंच होतात. पण त्या गोष्टीतलं एक मला अजून कळलेलं नाही, आणि ते सांगू शकणारे तुम्ही एकटेच. आता कुणाला विचारू?

सगळं नीट लिहिते. मनात गोळा होऊन राहिलंय.

तुमचा तो मासा! मेढ्याजवळच्या खेड्यात ओढ्या-नदीतले मासे धरून वाढलेला माणूस प्रवासी बोटीवर आचारी झाला आणि सुट्टीवर आला की आम्हाला शिकवायचा, "सालमन म्हणजे रावस नव्हे!" सांगलीत तो मिळायचा नाही. पुण्याच्या कुठल्याशा दुकानातून थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात घालून, ट्रॅव्हल्सच्या गाडीनं यायचा. तुम्ही तासभर आधी जाऊन थांब्यावर उभे! जणू पाहुणाच येणार होता.

गावाकडून तुमचे धाकटे भाऊ आले की चिडवायचे. "दादा, आमच्या धरणातला कटला काय वाईट हाय व्हय? ह्यो गुलाबी मासा बघून भूकच मरती गड्या." आणि जेवायला बसले की सगळ्यांत मोठा तुकडा त्यांच्याच ताटात.

मासा आला की त्या दिवशी स्वयंपाकघर तुमचं. संत्री पिळायची, साल किसणीवर हलक्या हातानं किसायची, आलं, लसूण, मिरपूड, थोडा सोया सॉस. आणि मधाच्या जागी आपल्याकडची काकवी. "बोटीवरच्या गोऱ्यांच्या नशिबात ही न्हाई," म्हणायचात. रस आटून चमच्याला चिकटायला लागला की अर्धा माशावर, अर्धा नंतरसाठी. मग ओव्हनच्या काचेसमोर पाटावर बसून राहायचात. कुणी हाक मारली तरी हलायचं नाही.

"मलापण शिकवा की," मी म्हणायची.

"तू बाराही महिने रांधतीस. आज नुसती बस."

मी बसायची. इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! कुणीतरी आपल्यासाठी घाम गाळतंय, आपण खुर्चीत बसून वास घेतोय. पण आता वाटतं, शिकवायला हवं होतंत. एकदा तरी.

आणि गोळ्यांचं काय हो? ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी रोज सकाळी वाटीत काढून ठेवायची. तुम्ही गेल्यावर तुमच्या कपाटातली बोटीवरची पांढरी टोपी काढली, तर तिच्यात मूठभर गोळ्या निघाल्या. मूठभर! मी त्या वाटीकडे बघून समाधान मानत होते, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ टाकत होतात. मला राग आला, मी रडले, आणि त्या गोळ्यांवर ओरडले. दुसरं कोण होतं ओरडायला?

दाढी करताना तुमच्या हातातून ब्रश पडला, तिथून सगळं सुरू झालं. मिरजेला नेलं, जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, "बरं." पाणी हवं, तरी बरं. पाठ दुखतेय, तरी बरं. नको असेल तेव्हाही बरं. मी तुमचे डोळे बघून ओळखायला शिकले. निम्म्या वेळा चुकायची. चुकले की तुम्ही डावा हात गादीवर आपटायचात आणि मोठ्यानं म्हणायचात, "बरं! बरं!"

आणि नाकात नळी. हॉस्पिटलातल्या गिळणं तपासणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, तोंडानं काही द्यायचं नाही, घास फुप्फुसात जाईल. पल्लवीनं ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि रजा संपल्यावर पुण्याला गेली. दर शुक्रवारी संध्याकाळी सांगलीला, विश्रामबागेतल्या आपल्या घरी हजर, रविवारी परत. पोरीनं फार केलं हो तुमचं.

दर तीन तासांनी मी मोठ्या सिरिंजनं नळीतून दुधात कालवलेली पावडर द्यायची. ज्या माणसानं जन्मभर शेकड्यांनी माणसं जेवू घातली, त्याच्या जिभेला महिनोन् महिने मिठाचा कण नाही. मी फोडणी घालायची सोडून दिली, वास तुमच्यापर्यंत जाईल म्हणून. गॅलरीत जाऊन, मागं दार ओढून जेवायची. वाडग्यात दहीभात. तरी तुम्हाला कळायचंच. मी आत आले की तुमचे डोळे माझ्या तोंडावर!

मग तुम्ही डावा हात हवेत फिरवायला लागलात. गोल गोल. मला आधी वाटलं पंखा. मग वाटलं घड्याळ. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तुम्ही पातेल्यात ढवळताय.

"मासा?" मी विचारलं. "तो संत्र्याचा?"

"बरं," म्हणालात. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. की मलाच तसं दिसलं?

पल्लवीला फोन लावला. "तो मासा पाठव गं."

"आई, कशाला? बाबांना देता येणार नाही."

"नुसता वास घेऊ देत. मी करते त्यांच्यासमोर."

ती म्हणाली, "पाठवते. पण आई, नुसता वास हं."

"हो गं बाई."

दुपारचे चार वाजले असतील. तुम्हाला चाकाच्या खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या दारात आणलं. केवढे ताठ बसला होतात! मी संत्र्याची साल किसायला लागले आणि तुम्ही खुर्चीचा हात थापटायला लागलात. माझं काय चुकतंय कळेना. किसणी तुमच्याजवळ आणली, तेव्हा तुम्ही बोटानं दाखवलंत. सालीखालचं पांढरं पडत होतं, ते कडू लागतं. असं एकेक तुम्ही मला शिकवलंत, एका बोटानं. काकवी पुरे झाली म्हणून हात आडवा. आच कमी म्हणून बोट खाली. मी हसत होते हो. त्या घरात किती दिवसांनी हसले!

मासा ओव्हनमध्ये जरा जास्तच राहिला. बाहेर काढला तर कडांना पांढरा फेस सुटलेला. तुम्ही डोळेच मिटून घेतलेत, एखाद्या शिकाऊ पोरीनं नाव घालवावं तसे! पण घरभर तो वास. तुम्ही नाकानं, नळीच्या बाजूनं, लांब श्वास घेत होतात.

मी एक तुकडा तोडून खाल्ला. तुमच्यासमोर. का खाल्ला, देव जाणे. चव सांगायला कुणीतरी खायला नको का, असं काहीतरी मनात आलं असेल.

तुम्ही माझ्या जबड्याकडे बघत होतात. डोळे तुमचे असे झाले होते की मला तो घास गिळवेना.

मग मी चमचा घेतला. लहान, चहाचा. पातेल्यातला रस अर्धा चमचा घेऊन तुमच्या ओठांना लावला. तुम्ही चाटलात. मी थांबले. काही झालं नाही. दुसरा दिला. तुमचा चेहरा! अहो, तुमचा चेहरा आजारपणाआधीचा झाला. मी तिसरा भरला, आणि तो ओठांशी नेताना तुम्ही डाव्या हातानं माझं मनगट धरलंत. घट्ट. "बरं," म्हणालात. "बरं. बरं."

मी दिला.

मग ठसका लागला. लाल झालात. पाठ चोळली, पुढं वाकवलं, पाच मिनिटांत शांत झालात. त्या संध्याकाळी किती छान झोप लागली तुम्हाला. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला.

मिरजेच्या त्या वॉर्डात तरुण डॉक्टरांनी विचारलं, "तोंडानं काही दिलं होतं का?" मी तोंड उघडायच्या आत पल्लवी म्हणाली, "छे! आई फार काळजी घेते. पाण्याचा थेंबही नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पदराचं टोक बघत राहिले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

अकरा दिवस तुम्ही तिथं होतात. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. रोज कुणीतरी म्हणायचं, "काकू, तुम्ही थोडं खाऊन घ्या." आणि मी न सांगताच जायची. सातव्या दिवशी त्याच डॉक्टरांना आडून विचारलं, "नळी असूनही असं होतं का हो?" ते म्हणाले, "होतं काकू. स्वतःची लाळसुद्धा फुप्फुसात जाऊ शकते." ते एक वाक्य मी वर्षभर जपजाप्य केल्यासारखं म्हणत होते. लाळसुद्धा. लाळसुद्धा.

गेल्या पंधरवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी पल्लवीनं पुण्याहून आणलेला मासा काढला. "बाबांसाठी आज मी करते," म्हणाली. तुमच्यासारखीच ओव्हनपुढं पाटावर बसली. आणि हसत म्हणाली, "आई, त्या दिवशी तू त्यांना वास तरी दिलास. किती चांगलं केलंस! मी तर नकोच म्हणत होते."

ते कौतुक मला गिळवेना. मी तिथंच सांगून टाकलं. तीन चमचे.

ती उठली नाही. काचेकडे बघतच विचारलं, "डॉक्टरांना?"

"नाही सांगितलं."

"मी तिथं उभी राहून काय बोलले, आठवतंय तुला? थेंबही नाही म्हणाले मी. माझ्या तोंडून खोटं वदवलंस. अकरा दिवस. कळलं असतं तर त्यांनी औषध वेगळं दिलं असतं की नसतं, हे आता कुणाला विचारायचं आई?"

मी घाबरून बोलून गेले, "बाबांनीच मागितलं गं. माझं मनगट धरून मागितलं."

ती रडायला लागली. ओव्हन बंद केला. मासा तसाच आत, अर्धा कच्चा. कुणी जेवलं नाही. सकाळी चहासुद्धा न घेता गेली.

गावाकडे भाऊजींना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वैनी, नळीनं दूद पिऊन जगनं म्हंजे काय जगनं व्हय? दादानं मागितलं, तुमी दिलं. त्यात पाप न्हाई. सुखानं गेला म्हनायचं." चांगला माणूस. पण मला त्या बोलण्यानं जास्तच कसंतरी झालं.

कारण तुम्ही मागितलं होतंत का हो?

तेच तर विचारायचंय. माझं मनगट धरलंत, ते चमचा ओढायला की थांबवायला? बरं म्हणालात, ते आण म्हणून की पुरे म्हणून? मी रोज दुपारी माझं मनगट माझ्याच हातानं धरून बघते. ओढून बघते, ढकलून बघते. तुमचा हात कुठल्या बाजूला जात होता तेच आठवत नाही. तुमचा चेहरा आठवतो, रसाचा वास आठवतो, आणि नेमकं एवढंच आठवत नाही. चौतीस वर्षं मी तुमचे डोळे वाचले, आणि ज्या क्षणी वाचायला हवे होते त्या क्षणी मी चमच्याकडे बघत होते.

तुम्ही रागावला असाल तर तेही कळायचा मार्ग नाही. स्वप्नातसुद्धा येत नाही. फोटोसमोर बसते तर फोटोत तुम्ही सगळ्यांकडे बघून हसताय. त्यातून मी काय ओळखू?

पल्लवीला मी जे सांगितलं ते अर्धं माझ्या सोयीचं होतं. तुमच्या तोंडी जबाब घातला मी, आणि तुम्ही तर बोलूच शकत नव्हतात. तिच्या तोंडी एकदा खोटं गेलं, मग तुमच्या तोंडी. दोन्ही वेळा मीच.

म्हणून तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळच्या एसटीनं पुण्याला जाणार. डबा नाही, भेटवस्तू नाही, नुसती मी. तिनं दार उघडलं तर आत जाईन, नाही उघडलं तर जिन्यात बसेन. माफी मागेन, पण ती मिळावी म्हणून रडणार नाही. तिला सांगेन, तुझ्या बाबांनी मागितलं की नाही ते मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. मी दिलं, एवढंच मला नक्की ठाऊक आहे.

तुमची,
सुमन