अण्णा, तुमचं वाक्य मी बिघडवलं

प्रिय अण्णा,

जय भीम. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि मी पत्र लिहायला आज बसले, कारण काल कॉलेजात तपासणीची कमिटी येऊन गेली आणि तिच्यासमोर तुमच्या प्राध्यापक लेकीनं काय केलं, ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नोकरी आहे ना अजून? मग जेव."

आठवतं का, मागच्या वर्षी तुम्ही आमच्या बैठकीला आला होतात? मेकॅनिकलच्या पदवीची 'शैक्षणिक उद्दिष्टं' ठरवायची होती. म्हणजे आमच्याकडून शिकून गेलेली मुलं पुढं कोण होणार, हे आम्ही आधीच लिहून द्यायचं! नियमाप्रमाणे उद्योगातलं एक माणूस हवं. बोलावलेले बडे साहेब ऐन वेळी लग्नाला गेले. आमचे विभागप्रमुख देशमुख सर मला म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील ओझरला विमानांच्या कारखान्यात होते ना? त्यांनाच बोलवा."

"सर, ते फिटर होते."

"मग तो उद्योगच की!"

आणि तुम्ही आलात. एवढ्या उन्हात सफारी घालून!

सरांनी वाचून दाखवलं, "पदवीनंतर पाच वर्षांत आमचा विद्यार्थी जागतिक पातळीवर नेतृत्व करील, नवनिर्मिती करील, शाश्वत समाज उभारील..." तुम्ही समोसा बशीत ठेवलात आणि अगदी मनापासून विचारलंत, "सगळं पाच वर्षांतच? मग पुढं काय करील बिचारा?"

मला तर टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

मग तुम्ही पंखाच्या पत्र्याची गोष्ट सांगितलीत. नवीन नोकरी, आणि तुमच्या हातून एक भोक जरासं मोठं पडलं. रिव्हेट मारून वर रंग दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तुम्ही स्वतः उठून तपासनिसाकडे गेलात. पाळीभर काम थांबलं, सुपरवायझरनं सगळ्यांदेखत झाडलं. "पण त्या विमानात कुणाचं तरी लेकरू बसणार होतं," तुम्ही म्हणालात. "तुमच्या मुलांचं बाकी काही होवो न होवो, चुकलं तर 'माझं चुकलं' एवढं म्हणता आलं पाहिजे. हे लिहा."

मी लिहून घेतलं. आणि घरी बसून त्याचं उद्दिष्ट क्रमांक तीन केलं: 'व्यावसायिक नीतिमूल्यांचा अंगीकार व संवर्धन करण्यास सक्षम.' वर तुम्हाला कौतुकानं वाचून दाखवलं!

तुम्ही चष्मा पुसलात. "छान आहे. कोण म्हणालं हे?"

"तुम्हीच की, अण्णा!"

"मी? मला तर याचा उच्चारही जमायचा नाही."

हसलात तुम्ही, पण त्यानंतर कॉलेजचं कधी विचारलं नाहीत. मला वाटायचं, सवडीनं समजूत काढू. सवड कुठं दिलीत तुम्ही?

काल जिन्यात, प्रयोगशाळेत, अगदी स्वच्छतागृहाच्या दारावरही उद्दिष्टांच्या पाट्या होत्या. सरांनी मुलांकडून ती पाढ्यांसारखी घोटून घेतली होती. वॉचमनलाही दोन येत होती.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे बारीक आवाजाचे एक वयस्कर प्राध्यापक. ते शेवटच्या वर्षाच्या एका प्रकल्पापाशी थांबले. विमानाच्या पंखाची छोटी प्रतिकृती वाऱ्याच्या झोतात धरून ती किती उचलली जाते, ते मोजलेलं. आलेख काय सुरेख! शेजारी दिंडोरीकडची किरण उभी. अध्यक्ष "वा!" म्हणाले आणि तिला राहवेना.

"सर, एक सांगू? शेवटचे दोन आकडे आम्ही मोजलेलेच नाय. मोटर जळाली. मग अंदाजानं टाकले."

देशमुख सरांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात! अध्यक्षांनी वही मिटली. "खरं बोललीस. सर, हे तुमच्या कुठल्या उद्दिष्टात बसतं?"

सरांचं बोट पाटीवर वरून खाली गेलं, खालून वर आलं आणि तीनवर थबकलं. "हे... संवर्धन..."

"कशाचं संवर्धन?"

आणि मी बोलून गेले. "सर, ते वाक्य माझ्या वडिलांचं होतं. ते ओझरला फिटर होते. चुकलं तर 'माझं चुकलं' म्हणता आलं पाहिजे, एवढंच ते म्हणाले होते. मला ते फार साधं वाटलं, म्हणून मी सजवलं. माझं चुकलं."

अण्णा, सगळ्या विभागासमोर रडले हो मी! तेही कमिटीसाठी आणलेलं नवंकोरं पिवळं हेल्मेट डोक्यावर ठेवून.

अध्यक्षांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाले, "पाटी बदला. आणि ते दोन आकडे पुन्हा मोजा."

निकाल यायला अवकाश आहे. देशमुख सर काल दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी मात्र त्यांचा मेसेज आला, "वडिलांचे नेमके शब्द पाठवा." पाठवले. एकही अक्षर न बदलता.

पुढच्या बैठकीला पालक म्हणून मी किरणच्या वडिलांना बोलावलंय. ते द्राक्षबागांची फवारणीची यंत्रं दुरुस्त करतात. फोनवर म्हणाले, "मॅडम, तिथं मी काय बोलणार? मी नववी नापास हाय." मी म्हटलं, दादा, तुम्ही याच.

तुम्हाला शब्द देते, अण्णा. ते जे बोलतील ते 'हाय'सकट आणि 'लय'सकट उतरवून घेईन. आणि त्याच्या शेपटाला 'सक्षम' लावणार नाही.

तुमचीच,
सुजाता